हॅम्बुर्गचे घर, होक्काइदोची शेती

होक्काइदो बेटावरच्या सोराची तुरुंगातले कैदी होरोनाईच्या खाणीत कोळसा काढत. १८९१ साली तिथे धर्मोपदेशक म्हणून आलेला तोमेओका कोसुके त्यांना एकेकट्याने गाठून विचारी : पाऊल पहिल्यांदा वाकडे कधी पडले? बहुतेकांची उत्तरे लहानपणापाशी जाऊन थांबत. तिशी-चाळिशीच्या माणसाला सुधारायला निघणे म्हणजे वरातीमागून घोडे, हे त्याला तिथे उमगले. जपानमधल्या बालगुन्हेगारांच्या शिक्षणाची कुळकथा इथून सांगावी असे मला वाटते, कारण परकी प्रभाव त्याआधीही आले होते, पण ते कागदावरून आले होते.

ओहारा शिगेचिका या अधिकाऱ्याने १८७१ साली ब्रिटिशांचे हाँगकाँग आणि सिंगापूर इथले तुरुंग पाहिले. पुढच्या वर्षी निघालेल्या तुरुंग-नियमावलीत मुलांसाठी वेगळा विभाग होता. मग फ्रेंच कायदेपंडित बुआसोनाद याने मसुदा केलेली दंडसंहिता १८८२ पासून लागू झाली. बारा वर्षांखालच्या मुलाला शिक्षा नाही, पण सुधारणेच्या नावाखाली कोंडून ठेवायची सोय आहेच! भिंत तुरुंगाचीच, पाटी तेवढी निराळी. याला कंटाळूनच ओसाकात इकेगामी युकिए या शिंतो धर्माच्या बाईंनी अशी मुले आपल्या आश्रयाला घेतली. पुढे चिबात बौद्धांनी तसेच काम उभारले. तेव्हा सगळे श्रेय परदेशाला देण्याचे कारण नाही.

तोमेओका मूळचा न्हाव्याच्या घरचा, ताकाहाशी गावचा, तांदळाच्या व्यापाऱ्याला दत्तक गेलेला. लहानपणी सामुराईच्या पोराने त्याला लाकडी तलवारीने बडवले, तर हा त्याला कडकडून चावला. सामुराईच्या घराने याच्या बापाशी व्यवहार तोडले आणि बापाने उलट यालाच मारले. देवापुढे सामुराई आणि व्यापारी सारखेच, हे ख्रिस्ती प्रवचनातले वाक्य अशा मुलाच्या कानी पडल्यावर तो कुठे ओढला जाणार, हे सांगायला नको. क्योतोच्या दोशिशात शिकून तो धर्मोपदेशक झाला.

सोराचीतल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तो १८९४ साली अमेरिकेला गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड सुधारगृहात राहून शिकला, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला झेब्युलन ब्रॉकवेला भेटला. एल्मायराचा तेव्हा जगभर बोलबाला होता. कैद्याची मुदत आधी ठरवायची नाही. वागणुकीचे गुण मिळवत त्याने सुटका कमवायची. मात्र त्याच सुमारास याच ब्रॉकवेची कैद्यांना फटके मारल्यावरून सरकारी चौकशी झाली होती. तोमेओका त्याला गुरू मानत राहिला, पण एल्मायराच्या तटबंदीची नक्कल त्याने मायदेशी केली नाही, आणि मला त्याचे मोठेपण इथे दिसते.

त्याने उचलले ते अमेरिकेतल्या नमुन्याहून जुने होते. १८३३ साली योहान हिन्रिख विखर्न याने हॅम्बुर्गजवळ 'राउहेस हाउस' काढले होते. तिथे मुलांची मोठी बरॅक नव्हती. दहा-बारा मुलांमागे एक लहान घर आणि त्यांच्यासोबत राहणारा एक मोठा माणूस. फ्रान्समधल्या मेत्रे इथे १८४० पासून त्याला शेतीची जोड मिळाली, शिस्त मात्र लष्करी. तोमेओकाने १८९९ साली टोकियोच्या सुगामोत 'कातेइ गाक्को', म्हणजे घर-शाळा, काढली ती याच वळणाची. घर सांभाळायला जोडपे, सकाळी अभ्यास, मग अंगमेहनत, मुलांबरोबर एकाच ठिकाणी जेवण. त्यात त्याने निनोमिया सोन्तोकु या शेतकरी विचारवंताची काटकसर आणि श्रमनिष्ठा मिसळली. १९१४ साली होक्काइदोत एन्गारूजवळ जंगल तोडून शाखा उभी राहिली. गायी आल्या, दूधदुभते आले, प्रार्थनागृह आले.

सरकारही स्वस्थ नव्हते. १९०० सालचा सुधारगृह कायदा घडवणारा ओगावा शिगेजिरो जर्मन तुरुंगतज्ज्ञ झेबाख याच्या हाताखाली तयार झालेला. मुलाला खटला नको, शिक्षण हवे, हा त्याचा हट्ट. शिकागोच्या बाल न्यायालयाची चर्चा जपानमध्ये सुरू होऊन १९२२ सालचा बाल कायदा झाला, तेव्हा तो विरोधात उभा होता. तो हरला. गृहखात्याची सुधारगृहे एकीकडे आणि न्यायखात्याची नवी सुधारशाळा दुसरीकडे, ही फाळणी तेव्हापासूनची.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्डेट लुइस हा अमेरिकी तुरुंग-प्रशासक लष्करी राजवटीबरोबर आला आणि १९४८ सालचा बाल कायदा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला. सरकारी वकिलाच्या हातातला पहिला निर्णय काढून तो १९४९ पासून नव्या कुटुंब न्यायालयाकडे दिला. आधीच्या कायद्यातली अठरा वर्षांची मर्यादा वीसवर नेली. २०२२ पासून अठरा-एकोणीसच्या मुलांसाठी वेगळे, अधिक कडक नियम आहेत. कायद्याचे पारडे असे झुकत राहते.

होक्काइदोतली शाळा अजून चालू आहे, आणि जोडप्याने चालवायचे घर ही तिची पद्धत सरकारी संस्थांनीही उचलली होती. आज देशभरात अशा मुलांसाठी सुमारे ५८ संस्था आहेत. त्यांतल्या बहुतेकींत आता पाळीने येणारे कर्मचारी काम करतात. रात्रंदिवस मुलांबरोबर राहायला तयार असणारी जोडपी मिळेनाशी झाली आहेत.