मॅथकाउंट्सची कुळकथा

अमेरिकेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी होणाऱ्या आंतरशालेय गणित स्पर्धांमध्ये मॅथकाउंट्स हे मोठे नाव आहे. ही स्पर्धा १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली राष्ट्रीय फेरी १९८४ मध्ये वॉशिंग्टनला झाली. तिचे कूळ मात्र एका घराण्याचे नाही. पाठांतरावर न सुटणारा प्रश्न हंगेरीतून आला, शाळेचा संघ आणि हातातले घड्याळ न्यूयॉर्कच्या शाळांतून आले आणि स्पर्धा भरवण्याची घडी बसवली ती इंजिनिअरांनी.

१८९४ मध्ये हंगेरीच्या गणित व भौतिकशास्त्र मंडळाने आपले अध्यक्ष लोरांड एओटवश शिक्षणमंत्री झाल्याच्या निमित्ताने, नुकतीच शाळा संपवलेल्या मुलांसाठी एक परीक्षा सुरू केली. तीन प्रश्न, चार तास आणि पुस्तके जवळ ठेवायला मुभा. उत्तर पुस्तकात सापडणारच नाही, याची खात्री असल्याशिवाय अशी मुभा कोणी देत नाही. त्याच वर्षी ग्योर गावचे शिक्षक डॅनिएल अरान्य यांनी शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. मुले घरी प्रश्न सोडवून पाठवत आणि चांगली उत्तरे छापून येत. या परीक्षेत बक्षीस मिळवलेल्यांमध्ये पुढे शास्त्रज्ञ म्हणून गाजलेले थिओडोर फॉन कार्मान आणि एडवर्ड टेलर अशी नावे निघाली, त्यामुळे तिचा दबदबा वाढला. १९१२ चे विजेते गणितज्ञ गाबोर सेगो अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९४६ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातर्फे कॅलिफोर्नियाच्या हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची परीक्षा सुरू केली. दरम्यान सोव्हिएत संघात १९३४ मध्ये लेनिनग्राडला आणि १९३५ मध्ये मॉस्कोला शहरपातळीवरील ऑलिंपियाड भरू लागली होती. या साऱ्या स्पर्धांत शाळेला स्थान जवळजवळ नव्हतेच. मूल एकटे बसे, एकटे लिही आणि बक्षीसही त्याचे एकट्याचे. महाराष्ट्रातल्या पालकांना परिचित असलेली शिष्यवृत्ती परीक्षाही याच वळणाची आहे.

शाळेविरुद्ध शाळा हा प्रकार न्यूयॉर्क शहरात खेळाच्या सामन्यांवरून उचलला गेला. तिथल्या हायस्कुलांची एक अल्जिब्रा लीग होती. संघ दुसऱ्या शाळेत जात, प्रश्न समोर येई, मोजके सेकंद मिळत आणि कागदावर एकच संख्या लिहून तिच्याभोवती गोल करायचा असे. १९३० च्या दशकात फार रॉकअवे हायस्कूलच्या संघात पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला रिचर्ड फाइनमन होता. अशा सामन्यांत कोणत्या जातीचा प्रश्न चालतो, त्याचा एक जुना नमुना असा: एक जण प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवत असताना त्याची टोपी पाण्यात पडते. पाऊण तासाने ते त्याच्या लक्षात येते आणि तो तेवढ्याच जोराने वल्हवत मागे फिरतो. टोपी गाठायला किती वेळ लागेल? ‘क्ष’ आणि ‘य’ मांडत बसणाऱ्याचा वेळ समीकरणातच संपतो. पाणी टोपीला आणि नावेला सारखेच वाहून नेते, एवढे ज्याला दिसले तो प्रवाहाचा वेग सोडून देतो आणि पाऊण तास असे लिहून मोकळा होतो. घड्याळ लावल्यामुळे प्रश्नाचा स्वभावच बदलला. हंगेरीत सिद्धता लिहावी लागे, इथे सिद्धता वाचायला कोणाला वेळच नव्हता.

दोन्ही वाटा हायस्कूलपाशीच थांबत होत्या. त्याखालच्या वर्गांकडे लक्ष गेले ते १९८० नंतर. अमेरिकेतील गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने त्या वर्षी एक कार्यक्रमपत्रिका काढून, येत्या दशकात शालेय गणिताचा भर प्रश्न सोडवण्यावर असावा असे सुचवले. एप्रिल १९८३ मध्ये ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ हा अमेरिकेतील शालेय शिक्षणावरचा अहवाल आला आणि शाळांच्या दर्जाची चर्चा घरोघरी पोचली. आठवी-नववीत बीजगणिताची वाट सुटली तर पुढे इंजिनिअरिंगकडे वळणे अवघड होते, हे व्यावसायिक इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संघटनेला ठाऊक होते. ही संघटना, शिक्षक परिषद आणि सीएनए ही विमा कंपनी यांनी मिळून मॅथकाउंट्स उभी केली. सुरुवातीला ती सातवी-आठवीपुरती होती, सहावीला प्रवेश नंतर मिळाला.

इंजिनिअरांच्या संघटनेच्या राज्याराज्यांत स्थानिक शाखा होत्या आणि त्यांना ‘चॅप्टर’ म्हणत. स्पर्धेची रचना त्याच पायऱ्यांवर बसवली: शाळा, चॅप्टर, राज्य, राष्ट्र. प्रश्नपत्रिका मध्यवर्ती कार्यालयाकडून येतात. सभागृह मिळवणे, पर्यवेक्षण, उत्तरे तपासणे, गुणांची बेरीज हे काम स्थानिक स्वयंसेवक करतात. तपासणारा गणिताचा शिक्षक असेलच असे नाही आणि निकाल त्याच दिवशी लावायचा असतो. म्हणून प्रत्येक उत्तर एकाच रिकाम्या जागेत बसेल असे असावे लागते आणि अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहावा लागतो.

लेखी भाग तीन फेऱ्यांचा. स्प्रिंट फेरीत कॅल्क्युलेटरविना ४० मिनिटांत ३० प्रश्न. टार्गेट फेरीत आठ अवघड प्रश्न जोडीजोडीने मिळतात आणि प्रत्येक जोडीला सहा मिनिटे. इथे कॅल्क्युलेटर चालतो. सांघिक फेरीत चौघे मिळून २० मिनिटांत दहा प्रश्न सोडवतात. टार्गेटच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणून एका विद्यार्थ्याचे जास्तीत जास्त ४६ होतात. संघाच्या गुणांत चौघांची सरासरी आणि सांघिक फेरीच्या बरोबर उत्तरांची दुप्पट येते, एकूण ६६. शाळेने तिघेच आणले तरी बेरजेला चारानेच भागतात. एका हुशार पोराच्या जिवावर ढाल नेता येऊ नये, असाच या हिशेबाचा रोख दिसतो.

सर्वांत गाजते ती काउंटडाउन फेरी, आणि अल्जिब्रा लीगशी तिचे साम्य तर लपत नाही. चॅप्टर व राज्य पातळीवर लेखी गुणांनुसार वरचे जास्तीत जास्त दहा जण मंचावर येतात. आधी दहावा आणि नववा समोरासमोर बसतात, जिंकेल तो आठव्याशी भिडतो आणि शिडी अशीच वर जाते. प्रश्न पडद्यावर दिसतो, ४५ सेकंद चालू होतात, बझर दाबला की तीन सेकंदांत उत्तर द्यावे लागते. त्यामुळे सराईत मुले आकडा हाती येण्याच्या किंचित आधीच बझर दाबतात आणि अधूनमधून फसतात. वेगाला दिलेले हे महत्त्व अनेक गणितज्ञांना खटकते, आणि ते रास्तही आहे. पण प्रेक्षकांना पाहता येईल असे गणित दुसऱ्या कोणत्याच फेरीत नसते. राष्ट्रीय पातळीवरची ही फेरी ईएसपीएनवरही दाखवली गेली आहे.

राज्य पातळीनंतर शाळेचा संघ मोडतो. वैयक्तिक गुणांत पहिले आलेले चौघे, ते कोणत्याही शाळांचे असोत, राज्याचा संघ म्हणून पुढे जातात. विजेत्या शाळेच्या वाट्याला सहसा त्या संघाचे प्रशिक्षकपद येते. राष्ट्रीय फेरीत वैयक्तिक विजेता काउंटडाउनमधूनच ठरतो.