गाडीची ओढ

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कोरेगांव हा मुलूख आल्याचा, बटाट्याचा आणि भौगोलिक मानांकन लाभलेल्या वाघ्या घेवड्याचा. हा माल आज बहुधा पिकअप नांवाच्या लहान मालमोटारींतून बाजारास जातो, आणि त्या चालविणाऱ्यांच्या तोंडीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते : "गाडी डावीकडे ओढते." मराठींत ओढ हा शब्द आपण मनाला लावतों, तसाच जनावरालाहि लावतों. घराची ओढ लागलेला बैल तिन्हीसांजेला न हांकतां पाय उचलतो. लोखंडाला घर नाहीं. मग त्याला ओढ कशाची?

आमचें म्हणणें असें कीं, सरळ चालणें हा चाकाचा स्वभावच नव्हे. तो गुण त्याला कोणीतरी पुरवावा लागतो. पूर्वीं तो बैल पुरवीत असे. आज तो कांहीं थोड्या अंशांचे कोन पुरवितात. आणि ते कोन बिघडले म्हणजे चालकाचा खांदा पुरवितो. चाकाचा इतिहास या दृष्टीनें पाहिला म्हणजे कोरेगांवच्या गॅरेजांतली ही साधी तक्रार बरीच जुनी आहे असें दिसून येईल.

आपल्या बैलगाडीला सुकाणू नाहीं, ही गोष्ट नित्याच्या पाहण्यांतली असल्यामुळें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दोन चाकें, त्यांमधला आडवा कणा आणि पुढें जुंवापर्यंत गेलेली दांडी, एवढाच संसार. बैल वळले कीं गाडी वळते, कारण प्रत्येक चाक आपल्यापुरतें स्वतंत्र फिरतें. जोडींतला एक बैल उणा असला तर गाडी त्याच्या अंगाला जाऊं लागते. शेतकरी अशा वेळीं जुंवाचें बंधन जोरकस बैलाच्या बाजूला किंचित् सरकवितो. मग उण्या बैलाच्या वांट्याला लांब बाजू येते आणि दोघांची ओढ सारखी होते. तरफेचा नियम पाठ न करतां केलेली ही अलाइनमेंटच होय. शिवाय बैल लंगडूं लागला तर गाडी थांबवावीच लागते. दुखणें लपविण्याची सोय तींत नाहीं. हा मुद्दा पुढें उपयोगीं पडेल.

तथापि ही गाडीहि आपण समजतों तितकी पुरातन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं देशावरचा माल मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. बोरघाटांतून चाकाची गाडी नेतां येईल असा रस्ता १८३० सालीं खुला झाला. तोंपर्यंत ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांचीं चाकें भरींव लांकडाचीं, क्वचित् दगडाचीं असत. पुढें लेफ्टनंट गेसफर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या बनविण्यास आरंभ केला, आणि असल्या गाड्या हळूहळू देशभर पसरल्या. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपण बोलतों, पण तो नळा म्हणजे कण्याला घालावयाच्या वंगणाचा, गाडीखालीं लोंबणारा बांबू होय, हें आतां किती घरांत सांगतां येईल, कोण जाणे!

रेल्वेनें हा प्रश्न निराळ्याच रीतीनें सोडविला. चाकाच्या कडेचा कंगोरा रुळाला अडतो म्हणून आगगाडी सरळ जाते, असें कोरेगांव स्टेशनावर उभ्या असलेल्या बहुतेक उतारूंना वाटत असेल. वस्तुतः चाकाची धांव बाहेरच्या अंगाला किंचित् निमुळती केलेली असते, आणि तींतली दोन्ही चाकें एकाच कण्याला पक्कीं जडविलेलीं असतात. जोडी एका बाजूला सरकली कीं त्या बाजूचें चाक जाड भागावर फिरूं लागतें, अधिक अंतर तोडतें आणि जोडीला आपोआप मध्यावर आणतें. कंगोरा हा अडीअडचणीचा पहारेकरी आहे.

खरी अडचण चार चाकांच्या मोकळ्या गाडीची. युरोपांतल्या घोड्यांच्या गाड्यांत पुढचा सबंध कणाच एका मधल्या खिळ्याभोंवतीं फिरे. वळणावर गाडीचा पाया अरुंद होई आणि ती कलंडे. १८१६ च्या सुमारास म्यूनिक येथील गेऑर्ग लांकेन्स्पर्गर या गाडी बनविणाऱ्यानें यावर तोड काढली : कणा स्थिर ठेवावयाचा आणि टोंकाशीं प्रत्येक चाक आपापल्या खिळ्याभोंवतीं वळवावयाचें. लंडनमधील चित्रांचे प्रकाशक रूडॉल्फ आकरमान यांनीं त्याचे मुखत्यार म्हणून १८१८ सालीं तेथें पेटंट घेतलें, आणि आज जगभर ही रचना मुखत्याराच्या नांवानें ओळखली जाते. शोधकाचें नांव ग्रंथांतल्या तळटीपेंत राहिलें. वळतांना आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळलें पाहिजे, हें तिचें मर्म. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांना ही कल्पना त्याहिपूर्वीं सुचली होती. परंतु गाडीवाल्यांनीं तिच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. कां द्यावें? घोडा होता ना पुढें!

घोडा गेला तेव्हां मात्र तिची आठवण झाली. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या मोटारीला तीनच चाकें होतीं, याचें एक कारण हेंच कीं, चार चाकें वळविण्याचा प्रश्न त्यांना तोंवर सुटला नव्हता. चार चाकांची त्यांची गाडी १८९३ सालीं आली. परंतु चाक वळविणें निराळें आणि वळविलेलें चाक पुन्हां सरळ होणें निराळें. १८९६ सालच्या आपल्या पेटंटांत आर्थर क्रेब्स या फ्रेंच शिल्पज्ञानें पुढच्या कण्याला असा कल देण्याचें सुचविलें कीं, हात सैल पडतांच चाकें आपण होऊन सरळ व्हावीं. आमच्या मतें बैलाचा खरा उत्तराधिकारी येथें जन्मला.

हा झाला कॅस्टर. चाक ज्या खिळ्याभोंवतीं वळतें त्या किंगपिनाचें वरचें टोंक थोडें मागें झुकविलेलें असतें; त्यामुळें त्याची रेषा जमिनीला चाकाच्या टेंकणाच्या पुढें मिळते आणि चाक तिच्यामागून फरफटत येतें, जसें वासरूं दाव्यामागून यावें. दुसरा कोन कॅंबर, म्हणजे समोरून पाहतां चाकाचा बाहेर वा आंत झुकाव. हा वारसा घोडागाडीच्या सुतारांचा. ते आरे बशीसारखे कलते बसवीत आणि भार घेणारा खालचा आरा उभा राहावा म्हणून कण्याचीं टोंकें किंचित् खालीं वांकवीत. त्यायोगें चाकें बाहेर पळूं पाहत, म्हणून तीं पुढून जरा जवळ आणीत. हा तिसरा कोन, टो. येथें थोडा हिशेब करण्यासारखा आहे. एखादें चाक एका अंशानें तिरकें राहिलें तर दर किलोमीटरला तें सुमारें साडेसतरा मीटर आडवें घासलें जातें. सोळा इंची रिमेवर हा एक अंश म्हणजे सातच मिलिमीटरांचा फरक! डोळ्यांना तो दिसत नाहीं, टायराला दिसतो.

या मुलुखाला लोखंडाची भाषा मोटारीपूर्वींच येऊं लागली होती. बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. पुढें १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झालेले धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून कोरेगांव तालुक्यांतच, सातारारोडला, लोखंडी नांगर करूं लागला. मोटारी मागून आल्या. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडीला गाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. महायुद्धानंतर जीप आली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर एस.टी. ची पहिली गाडी धांवली. मग वडापाच्या जीपा, आणि २००५ नंतर लोकांनीं छोटा हत्ती असें लाडकें नांव दिलेली टाटांची गाडी. जुने मिस्त्री मागल्या चाकापासून पुढल्या चाकापर्यंत दोरी ताणून, टायरावर खडूची रेघ ओढून आणि पट्टीनें पुढचें-मागचें अंतर मोजून टो बसवीत. गवंड्याचा ओळंबा आणि गुण्या यांच्याच कुळांतली ही विद्या. आतां संगणक चारहि चाकांचे कोन पडद्यावर दाखवितो. परंतु तो दाखवितो अनेक आंकडे आणि कारागीर फिरवितो बहुतेकदां एकच टायरॉड. टायरॉडनें टो सुधारतो, टायर वांचतो, स्टेअरिंगचें चक्र मध्यावर येतें; ओढ मात्र पुष्कळदां तशीच राहते. मालकाला वाटतें आपल्याला फसविलें.

ओढीचीं कारणें दुसरीकडे असतात. ज्या बाजूच्या टायरांत हवा कमी, त्या बाजूला गाडी जाते. ज्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीं, त्या बाजूला जाते. धांवून आल्यावर तें हब हाताला चटका देतें. कॅस्टर ज्या बाजूला कमी आणि कॅंबर ज्या बाजूला बाहेर अधिक, तिकडे ती कलते. पुढले दोन टायर आपसांत बदलल्यावर ओढहि बाजू बदलूं लागली, तर दोष टायराचा, कोनांचा नव्हे. आणि रस्ता तर स्वतःच कललेला असतो : पाणी निघून जावें म्हणून तो मध्यें उंच ठेवतात, आपण डावीकडून जातों, तेव्हां डावीकडची थोडी ओढ ही उताराची असते. सपाट जागीं, रिकाम्या गाडीनें, थंड टायरांत सारखी हवा भरून पाहिल्यावांचून दुखण्याचें निदान करूं नये.

पिकअपचें एक खास दुखणें आहे, तें मागें असतें. तिचा मागचा कणा पाट्यांवर बांधलेला असतो. पाटे सेंटर बोल्टानें एकत्र राहतात आणि यू-बोल्टांनीं कण्याला आवळलेले असतात. मापाबाहेर पोतीं चढवून गाडी खड्ड्यांतून नेली म्हणजे यू-बोल्ट सैल होतात, सेंटर बोल्ट तुटतो, आणि कणा एका बाजूनें इंचभर मागें सरकतो. मग मागचीं चाकें गाडीला तिरकें ढकलतात आणि ती खेंकड्यासारखी चालूं लागते. पुढचे कोन कितीहि अचूक बसवा, चक्र वांकडें धरल्यावांचून ती सरळ जाणार नाहीं. सरळ रस्त्यावर मागून येणाऱ्याला तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दोन निराळ्या वाटा स्पष्ट दिसतात; आंत बसलेल्याला दिसत नाहींत.

त्याला त्या जाणवतात, पण लवकरच जाणवेनाशाहि होतात. अर्ध्या किलोच्या ओढीला हात आठवड्याभरांत सरावतो. टायराचा खर्च मालकाच्या वहींत चढतो, म्हणून झिजलेला टायर कोणाला तरी बोलावयास लावतो. खांद्याची झीज कोणाच्याच वहींत नाहीं. चालक बहुधा खेपेवर पैसे घेणारा असतो. तो गाडी थांबवील तर त्याचीच खेप बुडते. बैलाच्या लंगडण्यानें गाडी थांबत होती, ती आतां माणसाच्या सहनशक्तीनें चालूं राहते. आणि हा भरलेला हात खंबाटकीच्या उतारावर, ब्रेक एका चाकाला अधिक धरूं लागला म्हणजे, नेमका अपुरा पडतो.

पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत बैल घेणारा पारखी जनावराला आधीं चालवून पाहतो. खूर कसा टाकतो, कोणत्या पायावर भार कमी देतो, हें पाहिल्यावांचून किंमत बोलत नाहीं. जुना पिकअप घेणारे गिऱ्हाईक रंग पाहतें, इंजिनाचा आवाज ऐकतें आणि सौदा करतें. एखादाच जाणता खालीं वांकून पुढच्या टायराच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवितो, एकदां बाहेरून आंत, एकदां आंतून बाहेर. एका दिशेला नक्षी गुळगुळीत लागली आणि उलट दिशेला करवतीसारखी अडली, तर तो उठून मागें जातो आणि पाट्यांखालीं पाहूं लागतो.