पत्ता घेऊन निघालेले विकर

धुण्याच्या पावडरीत डाग काढणारी एन्झाइम, म्हणजे विकरे असतात, हे आपण जाहिरातींत ऐकतो. त्यांतली बरीचशी बॅसिलस कुळातल्या जिवाणूंकडून मिळवली जातात. जिवाणू विकर तयार करून पेशीबाहेर सोडतो आणि भोवतालच्या द्रवातून ते गोळा करता येते. पण एवढ्याशा पेशीत हजारो प्रकारची प्रथिने तयार होत असताना बाहेर कोणी जायचे, हे कसे ठरते? या प्रश्नाचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी एक तर्क मांडला. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभीच काही खूण असावी, असा तो तर्क होता. हाती पुरावा मात्र नव्हता. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी परीक्षानळीतल्या प्रयोगांनी दाखवले, की ही खूण प्रथिनाला पटलापलीकडे नेते आणि मग कापली जाते. तिला 'सिग्नल पेप्टाइड' म्हणतात. या कामासाठी ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे झाले प्राण्यांच्या पेशींचे. जिवाणूंचे काय? अमेरिकेत हार्वर्डमध्ये जॉन बेकविथ यांचा गट ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर काम करत होता. त्यांनी अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर निवडले. फॉस्फेटची टंचाई झाली की जिवाणू ते भरपूर तयार करतो. आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत राहून हे विकर इतर रेणूंपासून फॉस्फेट सोडवते. १९७७ मध्ये इनोये आणि बेकविथ यांना आढळले, की हे विकर आधी थोडे लांब तयार होते. तो जादा तुकडा म्हणजे २१ अमिनो आम्लांचे सिग्नल पेप्टाइड. त्याचा मधला भाग पाण्यापासून दूर राहणारा असल्याने तेलकट पटलात शिरायला सोयीचा. पलीकडे पोचल्यावर दुसरे एक विकर तो कापून टाकते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. सिग्नल पेप्टाइड बिघडवले, तर विकर आतच अडकते. आणि आत अडकलेले विकर काम करत नाही! कारण त्याचा आकार टिकवायला गंधकाचे बंध लागतात आणि पेशीच्या आतल्या वातावरणात ते सहसा जुळत नाहीत. पटलापलीकडे मात्र जुळतात. हे बंध जोडणारे डीएसबीए हे प्रथिन बेकविथ यांच्याच गटाने १९९१ मध्ये शोधले. म्हणजे २१ अमिनो आम्लांची ती चिठ्ठी विकराला नुसती वाट दाखवत नाही. ते कामाला लागणार की नाही, हेही तिच्यावर अवलंबून असते.

हाच गुण पुढे शोधसाधन बनला. १९८५ मध्ये मॅनॉइल आणि बेकविथ यांनी सिग्नल पेप्टाइड काढून टाकलेले हे विकर इतर प्रथिनांना जोडण्याची युक्ती काढली. जोडलेले प्रथिन पटलापलीकडे जाणारे असेल, तरच विकर जागे होते आणि खास रसायनावर जिवाणूंची वसाहत निळी दिसते.

आजही जिवाणूकडून एखादे नवे विकर बाहेर काढून घ्यायचे, तर कोणते सिग्नल पेप्टाइड लावावे याचे एकच उत्तर नाही. एका विकराला जे लाभते, ते दुसऱ्याला लाभेलच असे नाही. म्हणून प्रयोगशाळेत एकामागून एक चिठ्ठ्या लावून पाहाव्या लागतात.