रम नीट की थम्सअपमध्ये? मामांचं गरम पाणी आणि साडेतीनशे वर्षांचा वाद

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं कापलंय, बाकी जवळपास तसंच आहे. सुरुवातीलाच एक सूचना: महाराष्ट्रात रम-व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी कायदेशीर वय 25 आहे. त्याहून लहान असाल तर नुसता इतिहास ऐका, त्याला वयाची अट नाही.

तर झालं असं. दिवाळीत मामांकडे गेलो होतो. गाव भोर तालुक्यात, भाटघरच्या पाण्याच्या कडेला. मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. मी बंगळुरूच्या एअरपोर्टवरून एक महागडी परदेशी रम आणली होती. मोठ्या थाटात बाटली उघडली, मामांच्या ग्लासात ओतली. मामांनी शांतपणे चुलीवरचं गरम पाणी घेतलं आणि ग्लास अर्ध्याच्या वर भरला.

मी म्हणालो, "अहो मामा, असली रम नीट प्यायची असते."

मामा म्हणाले, "नीटच पितोय की. सांडली का कुठं?"

सगळे हसले. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण आयटीवाला माणूस, ऑनलाइन चार व्हिडिओ बघितलेले. मी दहा मिनिटं लेक्चर दिलं: पाणी घातलं की चव मेली, कोला घातला की पैसे वाया, खरा दर्दी नीटच पितो. मामांनी ऐकून घेतलं, ग्लास खाली ठेवला आणि गोठ्याकडे बघून येतो म्हणून उठले. परत आले ते जेवायलाच.

परतताना कापूरहोळपर्यंत माझ्या डोक्यात तेच. मी बरोबर होतो का? म्हणजे रमची परीक्षा नीट पिऊनच करायची, हा नियम ठरवला कोणी? मग वाचायला लागलो. आजचा एपिसोड त्यातूनच आला.

दारूची परीक्षा दारूने

आधी आपल्या भाषेतली एक गंमत. राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठार आहे. वेल्ह्यातून वर येणाऱ्या ट्रेकर्सच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण तरी यावर जोक मारतोच. मराठीत बंदुकीत जाते तीही दारू आणि ग्लासात जाते तीही दारू. (गडावर ग्लासातली नेऊ नका. त्यावर चर्चाच नाही.)

पण इंग्लंडमध्ये या दोन दारू खरंच एकत्र यायच्या. स्पिरिट किती कडक आहे हे तपासायला त्यात बंदुकीची दारू भिजवायची आणि पेटवायची. पेटली तर माल 'प्रूफ', म्हणजे सिद्ध. फुसकी निघाली तर पाणी जास्त. 1816 च्या कायद्याने तिथं साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत झाला आणि पेटवापेटवी संपली, पण 'प्रूफ' शब्द राहिला. 100 प्रूफ म्हणजे साधारण 57 टक्के अल्कोहोल. आपल्या बाटलीवर 42.8 टक्के असं विचित्र दशांशात लिहिलेलं असतं ना, ते त्याच जुन्या मोजपट्टीवरचं 75.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बाटलीत जे येतं त्यात कारखान्याने आधीच पाणी घातलेलं असतं. पिंपातून निघालेलं स्पिरिट याहून कडक असतं, ते पाणी घालून 42.8 वर आणतात. म्हणजे मी ज्याला 'नीट' म्हणत होतो, तीही पाणी घातलेलीच रम होती. फरक इतकाच, की ते पाणी मामांच्या चुलीवरचं नव्हतं.

पाच गोष्टींचा पंच

आता थोडं मागे जाऊ. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक इंग्रज डॉक्टर 1673 मध्ये मुंबईला आला. राजगडावरची राजधानी रायगडावर जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. हा फ्रायर 1675 मध्ये जुन्नरपर्यंत येऊन गेला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. त्याचं प्रवासवर्णन 1698 मध्ये छापलं गेलं. त्यात गोव्याच्या नेरूळची दारू सगळ्यात चांगली, आणि तिच्यापासून इंग्रज लोक 'पंच' नावाचं पेय करतात, अशी नोंद आहे. नावाचं कारणही तो देतो: इथल्या भाषेत पंच म्हणजे पाच, आणि त्यात पाच जिन्नस असतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला असा तो हिशोब सांगतात. शब्दाची ही व्युत्पत्ती सगळ्या भाषातज्ज्ञांना मान्य नाही, पण पेय इथलं होतं आणि ते इंग्रजांना फार आवडलं होतं, यात शंका नाही. 1632 च्या एका कंपनीवाल्याच्या पत्रातही पंचचा उल्लेख येतो.

ही दारू रम नव्हती, माडाची होती. रम त्याच शतकात तिकडे बार्बाडोसमध्ये, गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांत तयार होत होती. पण दोन्हीकडे अडचण एकच. ताजं काढलेलं स्पिरिट घशाला जाळायचं. म्हणून साखर, लिंबू, पाणी. पुढे हीच रेसिपी जगभर गेली, आणि रमचा पंच झाला.

म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मिक्स करून पिणं हा कॉलेजच्या पोरांनी आणलेला बिघाड नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीची नोंदच मिक्सची आहे. आणि ते नाव अजून जिवंत आहे बरं का. महाराष्ट्रात देशी दारूच्या दुकानात जाऊन बघा, 'टँगो पंच' नावाचा ब्रँड दिसेल.

जहाजावरचं पाणी

आता फौजेकडे येऊ, कारण मामांची सवय तिकडूनच आली. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज रम मिळायची, आणि ती नीटच मिळायची. परिणाम काय व्हायचा ते सांगायला नको. 1740 मध्ये अॅडमिरल व्हर्ननने हुकूम काढला: अर्धा पिंट रममध्ये दोन पिंट पाणी घालूनच वाटायची. 1 भाग रम, 4 भाग पाणी. व्हर्ननच्या ग्रोग्रॅम कापडाच्या कोटावरून या मिश्रणाला 'ग्रॉग' नाव पडलं. नौदलातला रमचा हा रोजचा वाटा थेट 31 जुलै 1970 ला बंद झाला.

आपल्याकडे फौजेच्या कॅन्टीनमधून रम मिळते. सातारा, भोर, वेल्हे या पट्ट्यात घरटी नाही तरी आळीत एक फौजी सापडतोच. सुट्टीवर येताना त्याच्या ट्रंकेत कोट्याची बाटली असायची. 'मिलिटरीची रम' हा शब्द इथं ब्रँडपेक्षा मोठा आहे. आणि ती गरम पाण्यात घ्यायची, हे त्याच्यासोबतच आलं.

एक गैरसमज मात्र मामांचाही काढायला हवा. रमने अंग गरम राहत नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, आणि त्याच कारणाने शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

भाटघरचं पाणी, खालचा ऊस

आता मामांच्या अंगणात परत येऊ. भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. आंबेमोहोर, इंद्रायणी, वर डोंगरात नाचणी. पाऊस धो-धो. वेळवंडी नदीवर भाटघरचं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालं. 1927-28 मध्ये त्याच्या जागी मोठं लॉइड धरण उभं राहिलं. आज त्यात साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. त्याखाली भाताची खाचरं गेली. उन्हाळ्यात पाणी आटलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, लोक दर्शनाला जातात, पाऊस आला की परत पाण्याखाली.

हे पाणी जातं कुठं? नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. तिथं ऊस उभा राहिला. 1930 च्या दशकात वालचंदनगर, माळीनगरला साखर कारखाने आले. साखर काढून उरते ती काळी चिकट मळी. मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलं की स्पिरिट.

इंजिनिअर आहे, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. 1 टन उसामागे साधारण 40 ते 45 किलो मळी. 1 टन मळीतून साधारण 220 ते 250 लिटर अल्कोहोल. म्हणजे 1 टन उसाच्या मळीतून 10 लिटरच्या आसपास. 42.8 टक्क्यांच्या 750 मिलीच्या बाटलीत 321 मिली अल्कोहोल असतं. भागाकार करा: एका बाटलीमागे साधारण 30 ते 35 किलो उसाची मळी. याच मळीतून रम, याच मळीतून देशी संत्रा, आणि आता याच मळीतून तुमच्या बाइकच्या पेट्रोलमधलं इथेनॉल.

इथं मला पहिल्यांदा लाज वाटली. संत्रा पिणाऱ्याला आपण 'गावठी' म्हणतो आणि रम नीट पिणाऱ्याला 'दर्दी'. पण दोन्ही ग्लासांत उसाचंच स्पिरिट. एक लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलं, दुसऱ्याला मुरायला वेळ आणि पैसा मिळाला नाही, म्हणून त्यात संत्र्याचा वास घातला. ज्याला मुरलेली परवडते त्याने न मुरलेलीला नावं ठेवायची, हा चवीचा प्रश्न राहत नाही.

थम्सअपची 'परंपरा'

मग रम-थम्सअपचं काय? आपल्याला वाटतं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण थम्सअपच बाजारात आलं 1977 मध्ये, कोका-कोला भारतातून गेल्यावर. ओल्ड मंक त्याच्या आधीची, 1954 ची. रम आणि कोला ही जोडी त्याहून जुनी, 1900 च्या आसपास क्यूबामध्ये जमली.

जोडी जमते त्याला कारण आहे. आपल्या गडद रममध्ये व्हॅनिला आणि जळक्या साखरेसारखा वास असतो, कोलातही तेच सूर असतात. पण साखर, आंबटपणा, बुडबुडे आणि बर्फ एवढं सगळं एकत्र आलं की रमचे दोष झाकले जातात. गुणही झाकले जातात. थंडीत वास वर येतच नाही. म्हणून कोलात सात वर्षं मुरलेली आणि कालची, यात फरक सांगणं अवघड.

मग परीक्षा कशी करायची?

आता माझ्या लेक्चरची खरी वाट लागते. स्पिरिट ब्लेंड करणारे व्यावसायिक लोक नमुना कसा तपासतात? नीट नाही. ते बऱ्याचदा पाणी घालून तो 20 टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग वास घेतात. कारण 42.8 वर अल्कोहोलचा झणका नाकाला बधिर करतो, पाण्याने तो उतरतो आणि मागचं सगळं उघडं पडतं: लाकूड, मळी, आणि वरून घातलेला कृत्रिम वाससुद्धा.

म्हणजे मामा जे करत होते ते! ग्लास अर्ध्याच्या वर पाणी. तेही गरम, म्हणजे वास अजूनच वर. त्या अंगणात रमची खरी परीक्षा करणारा एकच माणूस होता, आणि मी त्याला शिकवत होतो.

माझं मत आता असं आहे. रम बनवणाऱ्याचं काम जोखायचं असेल तर साधं पाणी घालून जोखा. मिक्ससाठी बनवलेली रम मिक्समध्येच जोखा, पंचची रेसिपी साडेतीनशे वर्षं त्यासाठीच आहे. आणि कोण कशी पितो यावरून माणूस जोखू नका. ती परीक्षा रमची नसते.

मागच्या आठवड्यात परत गेलो. मामांना हे सगळं सांगितलं, 20 टक्क्यांचंही सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे बरोबर पीत होतो म्हण की." मी म्हणालो, "हो मामा, चुकलं माझं." ते म्हणाले, "चुकलं तर चुकलं. चहा घे."

मामी भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमचं नीट का फीट चालू द्या. आम्हाला विचारलं तर दोनच खुणा असत्यात, उभी बाटली नाही तर आडवी बाटली." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद.

मी साडेतीनशे वर्षांचा इतिहास वाचला. त्यात फ्रायर होता, व्हर्नन होता, ब्लेंडर होते. ग्लास भरणारे सगळे होते. भाकरी थापणारं कोणी नव्हतं. तो एपिसोड अजून करायचा राहिलाय. तुमच्या गावात असं मतदान झालं असेल, तर घरातल्या बायकांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या वेळी.