व्हिएन्नाचे शास्त्र आणि कलकत्त्याचे मन

मनोविश्लेषणाचे शास्त्र व्हिएन्नात जन्मले. डॉ. सिग्मुंड फ्रॉइड यांनी ज्यांची मने उलगडली, ते रुग्ण बहुतांशी युरोपातील सुखवस्तू घरांतले होते. त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र अखिल मानवजातीचे मानले गेले. या समजुतीला प्रथम हरकत घेणाऱ्यांत आपल्याच देशातील एक डॉक्टर होते, याची आम्हांस धन्यता वाटते.

कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस (१८८७-१९५३) यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्या काळी काही इंग्रज अधिकारी हे शास्त्र हिंदी लोकांवर चालवीत होते. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे प्रमुख बर्कले-हिल यांनी हिंदूंचा धर्म व स्वभाव बाल्यातील विकारांतून उगवल्याचे लिहिले. लष्करी अधिकारी डेली यांनी क्रांतिकारकांच्या बंडाचे मूळ मनोव्याधीत शोधले. राज्यकर्त्यांची सत्ता अशी वैद्याचा वेष घेऊन आली.

बोसांनी वाद घातला नाही; त्यांनी रुग्णांचे ऐकले. पित्याकडून होणाऱ्या शिक्षेच्या भयाला फ्रॉइडच्या सिद्धांतात मोठे स्थान होते. ते भय हिंदी पुरुषांत तितके ठळक नाही, उलट स्त्री होण्याची सुप्त इच्छा अधिक सहज प्रकट होते, असे बोसांनी १९२९ साली त्यांना कळविले. फ्रॉइडनी सौजन्याने उत्तर दिले, पण सिद्धांत बदलला नाही. १९३१ साली त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती गेली. मूर्तीला त्यांच्या मेजावर जागा मिळाली. बोसांच्या विचाराला मात्र मिळाली नाही.

हाच धडा पुढे फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात गिरवला गेला. १९५३ साली डॉ. फ्रान्झ फॅनन ब्लिडाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. युरोपीय स्त्रियांना गुणकारी ठरलेले उपचार मुसलमान पुरुषांच्या कक्षात फसले. दोष रुग्णांचा नसून आपल्या पद्धतीचा आहे, हे फॅनन व त्यांच्या सहकाऱ्याने १९५४ साली लिहून मान्य केले. मग तेथे कॉफीगृह उघडले, मुसलमानी सण साजरे होऊ लागले, कथेकरी येऊ लागला.

१९७८ साली सुधीर कक्कड यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात भारतीय कुटुंबातील बालपण अभ्यासिले, आणि बोसांची वाट पुन्हा रुळू लागली. आज जगभरचे विश्लेषक त्या जुन्या पत्रांकडे आदराने वळतात.

दुःखिताने तोंड उघडण्याआधीच आमचे उत्तर तयार असते, हा दोष आम्हांतही आहे. बोसांचा इतिहास वाचताना तो आम्हांस प्रकर्षाने जाणवला.