खिशांतली वही

छायाचित्र लबाडी करीत नाहीं, असा आपल्यांत एक समज आहे. लबाड माणूसहि छायाचित्र काढूं शकतो, हें मात्र आपण विसरतों. लुईस हाइन हा अमेरिकन छायाचित्रकार तें कधींच विसरला नाहीं.

हाइन मूळचा न्यूयॉर्कमधील एका शाळेंतला शिक्षक. इ. स. १९०८ सालीं शाळा सोडून तो राष्ट्रीय बालमजुरी समितीच्या कामास लागला. १९०० च्या शिरगणतींत १० ते १५ वर्षांचीं सुमारे १७ लाख ५० हजार मुलें त्या देशांत काम करीत असल्याचें नमूद झालें होतें; पण आंकड्यांना चेहरा नसतो. तो चेहरा दाखविण्याचें काम हाइननें पत्करलें. कॅरोलिना प्रांतांतल्या सूतगिरण्या काय किंवा पेनसिल्व्हानियांतल्या कोळशाच्या खाणी काय, सरळ मार्गानें प्रवेश मिळेना, तेव्हां कधीं बायबल विकणारा, तर कधीं आगीचा तपासनीस बनून तो आंत शिरे. स्वतःच्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर येतात, हें त्यानें आधींच मोजून ठेवलें होतें. शेजारीं उभ्या राहिलेल्या मुलाचें डोकें कितव्या गुंडीला लागतें तें पाहावयाचें, आणि हात खिशांत ठेवूनच वहींत नांव, वय, उंची टिपून घ्यावयाची, अशी त्याची रीत होती.

हाइनचें खरें मोठेपण मला या वहींत दिसतें. चित्र पाहून हळहळणें सोपें असतें. दुसऱ्या दिवशीं ती हळहळ विरते. चित्राखालीं गिरणी, गांव, वय आणि तारीख लिहिलेली असली म्हणजे मात्र चित्राची साक्ष होते, आणि साक्षीला कोणाला तरी उत्तर द्यावेंच लागतें.

तरीहि यश सावकाश आलें. १४ वर्षांखालील मुलें राबविणाऱ्या कारखान्यांचा माल एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत पाठविण्यास १९१६ च्या कायद्यानें बंदी केली. पण १९१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं तो कायदा रद्द ठरविला. टिकाऊ कायदा होण्यास १९३८ साल उजाडावें लागलें. दोन वर्षांनीं, १९४० सालीं, हाइन दारिद्र्यांतच वारला. त्याचें राहतें घरहि हातचें गेलें होतें.

त्याचीं ५,००० हून अधिक छायाचित्रें आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत त्या नोंदींसह जपून ठेविलेलीं आहेत. त्यांत १९०८ सालीं यंत्राशीं उभी असलेली १० वर्षांची मुलगी कायदा झाला तेव्हां चाळिशीची झाली होती. तिचें बालपण कोणी परत देऊं शकलें नाहीं. तिच्या साक्षीचा उपयोग झाला, तो तिच्या मागून आलेल्या मुलांना.