बघाऱ्या वांग्यांची वहिवाट

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मलकपेठेतील आमच्या घरी पुण्याहून एक वडीलधारे आप्त उतरले होते. पाहुणे आले असे कळताच शेजारच्या खालाजाननी बघाऱ्या बैंगनांचा डबा पाठविला. आप्तांनी झाकण उघडून पाहिले आणि "ही त्यांची भाजी, आपल्यात नाही करीत," असे म्हणून डबा बाजूस सारला. आई काही बोलली नाही. मी त्या वेळी कायद्याच्या पहिल्या वर्षात होतो; ताबा आणि मालकी यांतील भेद नुकताच कानी पडला होता. 'त्यांची' म्हणजे नेमकी कोणाची, हा दावा तेव्हापासून माझ्या मनात दाखल आहे.

प्रथम वादवस्तूचे वर्णन. लहान वांगी देठ राखून चिरावयाची, तेलात परतावयाची. तीळ, शेंगदाणे व सुके खोबरे भाजून त्यांचे वाटण करावयाचे. चिंचेचा कोळ, आणि वर कढीपत्त्याची फोडणी, म्हणजेच दखनीतील 'बघार'. मराठवाड्यातील कोणत्याही गृहिणीस हे वाचून आपल्याच भरल्या वांग्यांची आठवण होईल. अंतर काय ते गुळाच्या खड्याचे.

आता साक्षीपुरावा. वांगे मूळचे आपल्याच बाजूचे. संस्कृतातील 'वातिंगण' इराणात 'बादिंगान' झाले, अरबांच्या तोंडी 'बाजिंजान'. अरबांबरोबर ते पश्चिमेस गेले. सिसिली जिंकण्याची त्यांची मोहीम इ. स. ८२७ मध्ये सुरू झाली. त्या बेटावर उसाची लागवडही त्यांनीच नेली. आज तेथे तळलेल्या वांग्यांत शिरका, साखर, ऑलिव्ह व टोमॅटो घालून 'कापोनाता' नावाची आंबटगोड भाजी करतात. ती चाखणाऱ्या मराठी माणसास चिंचगुळाची आठवण झाली तर नवल नाही. पोर्तुगीजांनी त्याच अरबी शब्दाचे 'बेरिंजेला' केले, आणि त्यावरून हिंदुस्थानातील इंग्रजीत 'ब्रिंजल' आले. आपलेच अपत्य परकी पोशाखात घरी परतले, आणि आम्ही त्यास साहेबी समजलो!

उलट, ज्यांस आपण घरचे म्हणतो त्यांची कुळकथा पाहा. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बादिंजानाची कृती दिली आहे: दहा शेर वांग्यांस दीड शेर तूप, आणि कांदा, आले, लिंबाचा रस, मिरी, धने, लवंग, वेलदोडे, हिंग. त्यात मिरची नाही, शेंगदाणाही नाही. दोन्ही अमेरिकेतली, पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले व १५१० मध्ये त्यांनी गोवे घेतले, त्यानंतरची ही आवक. चिंच? अरबांनी तिला 'तमर-ए-हिंद', हिंदचा खजूर, म्हटले. पण वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे मूळ आफ्रिकेत दाखवितात. तेव्हा पुण्याची भरली वांगी व हैदराबादची बघारी, दोहोंचे आजचे रूप पोर्तुगीजांच्या आधीचे असणे शक्यच नाही. शुद्धतेची कैफियत येथेच निकालात निघते.

मलकपेठेचे नावही अशाच सरमिसळीचे. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुत्बशहाचा (१६२६–१६७२) सेवक मलिक याकूब, त्याच्यावरून ते पडले असे सांगतात. शेजारचा मूसारामबाग हा १७९८ मध्ये वारलेल्या मोस्यू रेमाँ या फ्रेंच सेनानीचा. लोकांनी मोस्यूचा 'मूसा' केला आणि रेमाँचा 'राम'! येथल्या घाऊक बाजारात कांदा येतो तो बराचसा महाराष्ट्रातून, आणि जातो तो कोणाच्या बिर्याणीत की कोणाच्या पिठल्यात, हे विचारण्याची तेथे चाल नाही.

डब्यातील भाजी आईने त्या रात्री झाकून ठेवली. सकाळी तीच गरम करून तिने तीत गुळाचा खडा टाकला आणि न बोलता पानात वाढली. आप्तांनी दोनदा मागून घेतली. दुपारी खालाजान रिकामा डबा न्यायला आल्या व पाहुण्यांना आवडली का, म्हणून त्यांनी विचारले. आई म्हणाली, "हो तर. पुन्हा मागितली."

डबा तिने धुऊन ठेवला होता, पण आमच्याकडे रिकामा डबा परत करीत नाहीत. तीत घालण्यासाठी ती तिळाच्या वड्या शोधू लागली.